चवथीला दिलेला रंग शिगम्यापर्यंत का सुटतो?

गोव्यात आमच्या डिचोलीच्या घरात स्वयंपाकघरातली कपाटं सहा वर्षांत चार वेळा रंगवून झाली होती. दर वेळी चवथीच्या तोंडावर, दर वेळी नवा डबा, दोनदा तर पेंटरही नवा. गणपती येईपर्यंत सगळं चकाचक. दिवाळीला सिंकखालच्या दारावर बारीक फोड दिसायचे. शिगमो (आमच्याकडचा होळीचा सण) येईतो त्या फोडांची पापडं लादीवर पडायला लागायची आणि सासूबाई केरसुणीने ती गोळा करताना माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मीच रात्री उठून नखाने खरवडते. मसाल्याच्या कपाटाचं दुखणं निराळं. त्याचा रंग सुटत नव्हता, तो मुळी सुकतच नव्हता. दार उघडताना ते चौकटीपासून सोलून निघाल्यासारखा चर्र आवाज यायचा.

प्रत्येक पेंटरने दोष रंगाला दिला. ‘बाय, हो रंग बरो न्हय, दुसरो हाडया.’ आम्ही कंपनी बदलली. तिसऱ्या खेपेला दुकानातला सगळ्यात महाग डबा आणला, तोही सुटला. डबा बदलत होता, पण महिना तोच होता, हे लक्षात यायला चौथी खेप जावी लागली.

माझं माहेर सावंतवाडीचं. बाबा चितारआळीत लाकडी खेळणी रंगवायचे. रंगाला बसण्याआधी ते लाकडाचा तुकडा गालाला लावून बघत. गार लागला तर तो परत माळ्यावर. ‘अजून पाणी प्यालंय’ म्हणायचे. चाळीस वर्षांपूर्वीचं हे वाक्य मला माझ्याच ओट्याखाली बसून आठवलं. पाचव्या वेळी मी ब्रश स्वतः घेतला, तुळशीचं लग्न झाल्यावर. त्याला आता तिसरा पावसाळा गेला. सगळं जमलं असं नाही. एक दार हरलेच, ते पुढे सांगते. पण कपाटाचा रंग सुटण्याची कारणं कशी ओळखायची हे त्या खटाटोपात नीट कळलं.

पापुद्रा उलटा करून बघा

खरवडायला लागण्याआधी सुटलेला एक पापुद्रा नखाने अलगद उचला आणि उलटा करून खिडकीच्या उजेडात धरा. सगळी बातमी त्याच्या पाठीवर लिहिलेली असते.

पाठीला प्रायमर (रंगाखालचा पहिला हात) आलाय, त्यावर लाकडाचे केसासारखे तंतू चिकटलेत आणि खाली लाकूड उघडं पडलंय, तर प्रायमरसकट सगळा थर लाकडाने ढकलून दिलाय. कारण बहुतेक वेळा ओल. पाठ आरशासारखी गुळगुळीत आहे आणि खाली जुना रंग जसाच्या तसा चमकतोय, तर नवा रंग जुन्या चकाकीवर किंवा तेलकट थरावर नुसता टेकलेला होता, धरलेला नव्हता. आणि पापुद्रा जाड आहे, मोडला की पांढरा भुगा होतो, बोटाला खडूसारखं लागतं, तर खाली लांबी (खाचाखळगे भरायचा लगदा) चुकीची भरली आहे.

आमच्याकडे तिन्ही प्रकार एकाच स्वयंपाकघरात निघाले. सिंकच्या दाराला ओल, शेगडीवरच्या कपाटांना तेल, आणि कोपऱ्यातल्या फडताळाच्या चौकटीला भिंतीची पुट्टी. चारही खेपांना पेंटरांनी तिन्हींवर एकच उपाय केला होता: वरून रंगाचा आणखी एक हात.

ओल

लाकूड मेलं तरी हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडातली ओल साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ८५ ते ९० झाली की तीच १८-२० टक्क्यांपर्यंत चढते. रंगाला १५ टक्क्यांच्या खालचं लाकूड हवं. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. चवथ येते ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरात. म्हणजे लाकूड वर्षभरात सगळ्यात जास्त फुगलेलं असतं नेमक्या त्याच पंधरवड्यात आपण त्याच्यावर रंगाचं झाकण घालतो. नोव्हेंबरात हवा कोरडी पडली की लाकूड आकसायला लागतं, आतली ओल बाहेर यायला वाट शोधते, आणि झाकणाला फोड येतात.

गाल लावून बघणं अगदीच वाईट नाही, पण हल्ली दोन सुया टोचून ओल दाखवणारा छोटा मॉइश्चर मीटर मिळतो. आकडा अगदी अचूक मिळेलच असं नाही, पण वरचं कपाट ११ दाखवतंय आणि सिंकखालचं २२, एवढा फरक कळला तरी काम झालं. आमचं तसंच निघालं, तेही डिसेंबरात. डिसेंबरात २२ म्हणजे हवेचा दोष नव्हे, पाणी कुठूनतरी येतंय.

जुन्या चिऱ्याच्या भिंतीला लागून कपाट असेल तर इथे थांबा. चिरा पाणी ओढून धरतो, आणि कपाटाची पाठ त्याला चिकटलेली असली की पावसाळाभर ती ओल्या फडक्याला टेकल्यासारखी राहते. तपासायला सोपी युक्ती: कपाट ओढून मागच्या भिंतीवर फूटभर चौकोनी पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचं आणि दोन दिवस सोडायचं. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरून आले तर ते हवेतलं, खोलीत वारा खेळत नाहीये. आमचे थेंब आतून. बाहेर जाऊन बघितलं तर पन्हळीचं पाणी सरळ त्याच भिंतीच्या पायाशी पडत होतं. नळी दोन हात लांब नेली, सिंकच्या कडेचं सिलिकॉन नव्याने भरलं, आणि कपाट भिंतीपासून इंचभर पुढे घेऊन पाठीला वारा जाईल अशी जागा ठेवली. यातल्या एकाही कामाला रंग लागला नाही.

दुसरी चूक कडांची. दार चौकटीवरच ठेवून रंगवलं की खालचा काठ कोरा राहतो. दिसत नाही म्हणून कोणी बघत नाही, आणि लादी पुसताना फडक्याचं पाणी रोज तिथेच लागतं. लाकडाचा कापलेला टोकाकडचा भाग सपाट बाजूपेक्षा कितीतरी पटीने पाणी ओढतो. म्हणून दार उतरवा. बिजागऱ्या काढा, हँडल काढा, प्रत्येक दाराच्या बिजागरीच्या खाचेत पेन्सिलने नंबर घाला आणि त्या दाराचे स्क्रू त्याच नंबराच्या पिशवीत. सहाही बाजूंना प्रायमर. खालच्या काठाला दोन हात.

आणि आता हरलेलं दार. ते प्लायचं होतं, पण पाणी सोसणाऱ्या जातीचं नव्हतं. मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला. स्वयंपाकघरात बऱ्याच ठिकाणी साधा एमआर प्लाय लावलेला असतो. तो दमट हवा थोडीफार सोसतो, पाणी नाही. एकदा त्याचा काठ पुस्तकाच्या पानांसारखा सुटला की लांबी भरा, घासा, रंगवा, पुढच्या पावसात पानं परत उघडतात. मी दोनदा केलं. तुम्ही एकदाही करू नका. एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) फुगलेला काठही तसाच, तो परत बसत नाही.

तेलाचा थर

शेगडीवरच्या कपाटांना बोट लावून बघा. रोज फोडणी, आठवड्यातून तीनदा तळलेले बांगडे, आणि खोबरेल. हे सगळं वाफेबरोबर वर जातं आणि दारावर पातळ, पिवळट, हाताला न जाणवणारा मेणचट थर बसतो. हँडलच्या भोवतीचा भाग तर त्याहून वाईट, तिथे हातांचा घाम आणि तेल वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. चिमणी बसवली म्हणून हा थर येत नाही असं नाही, उशिरा येतो इतकंच.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आधी घासणं आणि मग धुणं. पॉलिश पेपर तेलकट थरावर फिरवला की ते तेल घासलेल्या ओरखड्यांत खोल जाऊन बसतं. आधी धुवा. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा आणि थोडा भांड्यांचा साबण, जाडसर फडक्याने. मग स्वच्छ पाण्याने दोन वेळा पुसायचं, कारण सोडा राहिला तर तोही रंगाला धरू देत नाही. उघड्या सागवानावर सोडा वापरू नका, लाकूड काळवंडतं. तिथे थिनरचा बोळा पुरे.

धुतलं की नाही हे ओळखायला दारावर पाण्याचे चार थेंब शिंपडा. थेंब मण्यांसारखे गोल राहून घरंगळले तर तेल अजून आहे. पसरून पातळ झाले तर पुढे जा. मला तीन वेळा धुवावं लागलं, आणि तिसऱ्या बादलीचं पाणीसुद्धा चहासारखं निघालं.

धुतल्यावर दिवसभर वाळू द्या, मग घासा. जुना रंग घट्ट असेल तर तो काढायची गरज नाही, चकाकी मारली की पुरे. १८० नंबरचा पेपर लाकडी ठोकळ्याभोवती गुंडाळून, रेषांच्या दिशेने. दाराकडे तिरक्या उजेडात बघितलं तर एकही चमकणारा डाग दिसता कामा नये. पेंटर लवकर उरकायला ८० नंबरने घासतात. त्याचे ओरखडे वरच्या हातातून दिसत राहतात. प्रायमरनंतर २२०, दोन हातांच्या मधे ३२०, तेही नुसतं कुरवाळल्यासारखं. उघड्या लाकडावर वॉटर पेपर पाण्याने मारू नका, लाकडाचे तंतू उभे राहतात.

जुन्या घरांसाठी एक गंभीर गोष्ट. घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता बरीच. आमच्या मागच्या दारावर रंगाचे सात थर मोजले मी. असा रंग कोरडा घासायचा नाही, जाळून काढायचा नाही. घट्ट असलेल्या थरावर पाण्याचा हलका फवारा मारून ओलसर घासा, खाली प्लॅस्टिक अंथरा, भुगा केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने टिपा, आणि लहान मुलं व गरोदर बाई त्या दिवशी घरात नकोत.

लांबी

यावर थोडक्यातच. भिंतीची पांढरी पुट्टी सिमेंटची असते. लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, सिमेंट हलत नाही, म्हणून ती तडकते आणि भुगा होऊन निघते. ती स्वस्त, आणि भिंती रंगवताना उरलेली असते, म्हणून लाकडाला लावली जाते. लाकडाला लाकडाचीच लांबी हवी, तयार मिळते ती, नाहीतर चॉक पावडर प्रायमरमध्ये कालवून जुने पेंटर करायचे ती. आधी प्रायमरचा एक हात, मग लांबी पत्र्याने ओढून पातळ, वाळल्यावर घासून पुन्हा प्रायमर. उघड्या लाकडावर थेट लांबी भरली तर लाकूड त्यातलं तेल शोषून घेतं.

सुकत नाही, चिकटतो

आता मसाल्याचं कपाट. ऑइल पेंट नुसता वाळत नाही. आधी त्यातलं टर्पेंटाइन उडतं आणि मग हवेतला प्राणवायू घेऊन तो हळूहळू कडक होतो. म्हणजे त्याला वारा लागतो. कोंदट खोली, बंद खिडक्या (बाहेर पाऊस!), जाड हात, असं असलं की वर साय धरते आणि आतला रंग ओलाच राहतो. वर सुरकुत्या दिसल्या तर कारण हेच.

पण आमच्या कपाटाचं खरं कारण मी स्वतःच्या नाकाने पकडलं. दार उन्हात तापलं की रॉकेलचा वास यायचा. रंग पातळ करायला टर्पेंटाइनऐवजी रॉकेल घातलं होतं. रॉकेल फार सावकाश उडतं, आणि उडालं तरी मागे तेलकटपणा ठेवतं. पुढे मी पेंटरला डबा उघडण्याआधी विचारायला लागले, ‘कशाने पातळ करणार?’ आणि टर्पेंटाइनची बाटली स्वतः आणून द्यायला लागले. तेही डब्यावर लिहिलंय तेवढंच. इनॅमलला ब्रशसाठी ५ ते १० टक्के पुरतं. धार धरून ओतता येईल एवढं पातळ केलं तर तो रंग राहत नाही.

उपाय? आधी थांबून बघा. दार उतरवून सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात दोन आठवडे. नख दाबून खूण उमटेनाशी झाली तर ठीक. तीन आठवड्यांनीही बोट चिकटत असेल तर तो रंग सुधारणार नाही. चिकट रंगावर नवा हात देणं म्हणजे तीच चूक पुन्हा. सगळा काढावा लागतो. आम्ही पेंट रिमूव्हर लावून पत्र्याने ओरबाडला, दोन दुपारी गेल्या, आणि पत्रा पुसायला सासऱ्यांचं जुनं बनियन कामी आलं.

नीट सुकलेला रंगसुद्धा पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर दारं घट्ट बंद करून ठेवू नका, चौकटीला चिकटतात. आम्ही कपाटाच्या आतल्या काठावर दुमडलेला कागद अडकवून दारं बोटभर उघडी ठेवली होती.

महिना, वेळ, वारा

तुळशीच्या लग्नापासून शिगम्यापर्यंत. इथे लाकूडकामाला रंग द्यायचा हाच काळ. एप्रिल-मेही चालतो, पण तेव्हा दमट उकाडा वाढतो आणि रंग ब्रशखालीच आवळायला लागतो, त्याच्या रेघा राहतात. डिचोली, सत्तरीकडे थंडीच्या सकाळी दव असतं. सकाळी आठला गारठलेल्या दारावर हात फिरवला तर ओलसर लागतो. दहानंतर सुरू करा आणि चारच्या आत शेवटचा हात संपवा, म्हणजे रात्रीचं दव पडायच्या आत वरचा थर धरलेला असतो. हवेची आर्द्रता ८५ च्या वर असेल त्या दिवशी डबा उघडू नका, मग तो ऑइलचा असो की पाण्याचा. पाण्याच्या इनॅमलला दमट हवा चालते असा एक गोड गैरसमज आहे. त्यातलं पाणी उडायला हवेत जागा तरी हवी ना.

ऑइल की पाण्याचं, हा प्रश्न मला सारखा विचारतात. स्वयंपाकघरात मी आता पाण्याचं इनॅमल वापरते. पांढरं ऑइल पेंट अंधारात पिवळं पडतं. कपाटाच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा पिवळी दिसते ती म्हणूनच, घाण नव्हे. पाण्याचं तसं पडत नाही, वासही कमी. पण जुन्या ऑइल पेंटवर ते थेट दिलं की प्लॅस्टिकसारखं सोलून निघतं. मधे घासणं आणि चांगला प्रायमर हवाच. आधीचा रंग कोणता हे कळत नसेल तर मेथिलेटेड स्पिरिटचा बोळा घासून बघा. बोळ्याला रंग आला तर पाण्याचा, नाही आला तर ऑइलचा. बाहेरच्या दारं-खिडक्यांना मात्र मी अजून ऑइलच देते, त्यात माझा हात बसलेला आहे.

ब्रश, रोलर आणि चार खिळे

रंगावर खर्च करून ब्रशवर वाचवणं हा आपला राष्ट्रीय स्वभाव. ऑइलला जनावराच्या केसांचा ब्रश, पाण्याच्या रंगाला नायलॉनचा. केसांचा ब्रश पाण्याच्या रंगात फुगून फिसकारतो. अडीच इंची एक, आणि खाचांसाठी एक इंची, पुरे. नवा ब्रश आधी तळहातावर जोरजोरात झटका, मग त्याच्या केसांवर चिकटपट्टी लावून ओढा. सुटे केस पट्टीवर येतात, दारावर येत नाहीत.

सपाट दाराला चार इंची फोम रोलर. रोलरने रंग पसरायचा आणि तो ओला असतानाच जवळजवळ कोरड्या ब्रशने वरून खाली एकदाच, अगदी हलक्या हाताने ओढायचं. रोलरची संत्र्याच्या सालीसारखी खडबड जाते. मग हात आवरायचा. अर्धवट सुकलेल्या जागी ‘जरा एकदा’ म्हणून ब्रश फिरवला की तिथे जखम उमटते. पट्ट्यांचं दार असेल तर आधी खाचा, मग मधला पाट, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या.

दार आडवं ठेवून रंगवलं तर ओघळ येत नाहीत, पण मग दुसरी बाजू कधी? प्लायच्या चार लहान तुकड्यांतून खिळा आरपार ठोकायचा, टोक वर. या चार टोकांवर दार ठेवायचं. मागची बाजू आधी रंगवा, तासाभराने नव्हे तर दुसऱ्या दिवशी उलटा, मग पुढची. मागच्या रंगावर टाचणीएवढी खूण राहते, कपाटात ती कोणाला दिसत नाही.

रंग डब्यातून थेट घेऊ नका, जुन्या पातळ ओढणीतून वाडग्यात गाळून घ्या. एक लिटर इनॅमल एका हाताला साधारण १०० ते १२० चौरस फूट जातं. तुमचं त्याच्या निम्म्यातच संपत असेल तर हात जाड पडतोय. दोन पातळ हात, मधे पूर्ण एक दिवस.

स्प्रेबद्दल माझं मत चांगलं नाही, निदान राहत्या घरात. फिनिश सुंदर येतं हे खरं, पण त्या फवाऱ्याचं धुकं चिमणीच्या जाळीपर्यंत सगळीकडे बसतं. दोन भाग मिसळून मारायचं पीयू (पॉलियुरेथेन) फिनिश असेल तर त्याचा फवारा छातीला घातक असतो, रुमाल बांधून भागत नाही. ते काम दारं उतरवून वर्कशॉपमध्ये करून घ्या. आणि कसलाही थिनर किंवा टर्पेंटाइन स्वयंपाकघरात उघडायच्या आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. अळशीच्या तेलात भिजलेले बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

उरलेली फुटकळ दुखणी

पांढऱ्या रंगातून तपकिरी डाग वर येत असतील, विशेषतः गाठींच्या जागी, तर तो लाकडाचा रस आहे. सागवान, माट्टी (हो, तोच आपला गोव्याचा राज्यवृक्ष) अशा लाकडांत हा त्रास होतो. वरून कितीही पांढरा द्या, डाग परत येतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचा हात त्या जागी मारून मग प्रायमर, म्हणजे अडतो.

पॉलिशवर दुधासारखा ढग आला असेल तर पॉलिश दमट दिवशी मारलंय. थिनर पटकन उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. कोरड्या दिवशी हलका थिनरचा हात दिला तर बऱ्याचदा निघतो.

काळे ठिपके बुरशीचे की काजळीचे? ब्लीचचा एक थेंब टाका. फिका पडला तर बुरशी, नाही तर मळ. बुरशीवर थेट रंग देऊ नका, ती रंगाखाली वाढत राहते. पातळ ब्लीचने पुसा, धुवा, वाळवा. पण ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं क्लीनर कधीही मिसळू नका.

स्क्रूच्या डोक्याभोवती तांबूस कडी येत असेल तर गंज. कळंगूट-मोरजीकडे, समुद्राच्या वाऱ्यात, साधे लोखंडी स्क्रू टिकत नाहीत. स्टेनलेसचे घाला; तिथे रंगवण्याआधी बाहेरचं लाकूडकाम गोड्या पाण्याने धुऊन खाऱ्याचा थरही काढायला हवा.

सनमायकावर रंग देण्याबद्दल: देता येतो, खास चिकटणारा प्रायमर लावून. मी देत नाही.

आणि चवथ तीन आठवड्यांवर आली असेल तर

रंगवू नका. कपाटं सोड्याने धुवा, सुटलेले पापुद्रे काढून कडा १८० ने घासून बोथट करा, हँडलं नवी बसवा. पाहुण्यांचे डोळे माटोळीवर (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या आराशीवर) असतात, आपल्या शटरांवर नाही. पेंटर मोकळा असतो तो हातचा जाऊ नये म्हणून घाई होते, हे मला कळतं. त्याला भिंतींचं काम द्या, किंवा नोव्हेंबरची तारीख आत्ताच सांगून थोडी आगाऊ रक्कम द्या. आमचा ‘तेन्ना कोणूच रंगयना’ म्हणत हसला होता, पण आला.

सिंकखाली आम्ही परत दार लावलंच नाही. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा पडदा शिवून तारेवर सोडलाय, आत वारा खेळतो, नळी गळली तर लगेच दिसते. पहिल्या चवथीला शेजारीण त्याकडे बघून काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, ‘आमी मुद्दाम केलां तें.’